ताओ मतात साधना कशासाठी करतात, आणि नेमकी कशी?

प्रश्न असा आहे: ताओ हे चीनमधले प्राचीन मत, आणि त्याचा आद्य आचार्य लाओत्से याने 'वू-वेई', म्हणजे काही न करणे, हेच थोर मानले. मग ताओ मताची माणसे आसन, श्वास, व्रते, पहाटेचे पाठ यांसाठी एवढे कष्ट का घेतात? आणि या सगळ्यातून शेवटी मिळते काय?

आधी शब्द बघू, कारण निम्मे उत्तर तिथेच आहे. चिनी भाषेत या साधनेला 'श्यू-ल्येन' म्हणतात. 'श्यू' म्हणजे दुरुस्त करणे, डागडुजी करणे. घर नीट करतात त्याला आणि रस्ता नीट करतात त्यालाही हेच क्रियापद चालते. 'ल्येन' म्हणजे आचेवर शुद्ध करणे. सोनार मुशीत सोने आटवून हीण काढतो, तसे. या अक्षराच्या डाव्या अंगाला अग्नीचे चिन्हच आहे. म्हणजे घर आधीपासून उभे आहे आणि सोनेही आधीपासून आहे. गळती थांबवायची आणि मिसळलेले हीण काढायचे, एवढेच काम. आपल्या 'साधना' शब्दात काहीतरी साधून घेण्याचा, सिद्धी पदरात पाडून घेण्याचा भाव आहे. तो भाव घेऊन बसलात तर पहिल्याच दिवशी दिशा चुकते.

लाओत्सेच्या नावावरच्या 'ताओ ते चिंग' या ग्रंथाच्या ४८व्या प्रकरणात हेच सांगितले आहे: विद्या शिकणारा रोज काही मिळवतो, ताओच्या वाटेने जाणारा रोज काही कमी करतो, कमी करत करत वू-वेईपर्यंत पोहोचतो. वू-वेई हा शेवटचा मुक्काम आहे, सुरुवातीची सवलत नाही. ताओ मताचा दुसरा मोठा आचार्य च्वांगत्से, त्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणातला खाटीक बघा. साधा खाटीक दर महिन्याला सुरी बदलतो, कारण तो हाडावर घाव घालतो. चांगला खाटीक वर्षाला बदलतो. याची सुरी १९ वर्षांची, हजारो बैल कापलेली, तरी धार नुकतीच सहाणेवरून उतरल्यासारखी. का, तर ती सांध्यातल्या मोकळ्या जागेतून जाते. पण तोच सांगतो की सुरुवातीला डोळ्यांसमोर अख्खा बैलच दिसायचा आणि तो दिसेनासा व्हायला तीन वर्षे लागली. शिवाय आजही अवघड गाठ आली की तो थांबतो, नजर स्थिर करतो आणि हात अगदी सावकाश चालवतो. वू-वेई म्हणजे जबरदस्तीशिवाय झालेली कृती, आणि जबरदस्ती गळून पडायला कष्टाची काही वर्षे द्यावी लागतात. चिनी भाषेत त्या काळाला आणि कष्टाला मिळून 'कुंग-फू' म्हणतात. सिनेमांमुळे आपण तो शब्द मारामारीपुरता समजतो, मूळ अर्थ हा आहे.

'ताओ'चा अर्थ काय घ्यायचा, यावर एक जुना वाद आहे आणि त्याचा धागा थेट भारताशी जुळतो. इ.स. ६४७ मध्ये थांग सम्राट ताइ-त्सुंगने कामरूपच्या, म्हणजे आजच्या आसामच्या, भास्करवर्मा राजासाठी 'ताओ ते चिंग'चा संस्कृत अनुवाद करायला सांगितला. काम ह्युएन त्संगाकडे आले. ताओ पंडितांचे म्हणणे, 'ताओ'साठी 'बोधि' हा शब्द घ्या. ह्युएन त्संगाने 'मार्ग' सोडला नाही. साधकाच्या दृष्टीने मला 'मार्ग'च योग्य वाटतो. बोधि म्हटले की एक क्षण डोळ्यांपुढे येतो. मार्ग म्हटले की पाय चालवावे लागतात. फक्त एवढे लक्षात ठेवायचे की हा मार्ग बाहेरच्या कुठल्या गावाला जात नाही. तो उगमाकडे परत जातो. ४०वे प्रकरण सांगते तसे, परतणे हीच ताओची हालचाल.

आता हेतूकडे येऊ. ४२व्या प्रकरणात सृष्टीचा क्रम आहे: ताओतून एक, एकातून दोन, दोनातून तीन, तिनातून अगणित वस्तू. जन्म, वाढ, म्हातारपण हा त्याच उताराचा प्रवाह. पुढच्या काळातल्या साधकांनी यावरून सूत्र बांधले: प्रवाहाबरोबर गेलात तर सामान्य माणूस, उलट फिरलात तर सिद्ध. नाथपंथातली उलटी गंगा ज्यांना माहीत आहे त्यांना हे परके वाटणार नाही. उलट फिरायचे म्हणजे काय, तर माणसात तीन गोष्टी मानल्या आहेत. 'चिंग' म्हणजे देहाचे सत्त्व, ज्यात वीर्य-रजही आले; 'छी' म्हणजे श्वासाबरोबर आणि श्वासापलीकडे चालणारी जीवनशक्ती; 'शेन' म्हणजे जाणीव, डोळ्यांतले तेज. रोजच्या जगण्यात शेन बाहेर धावते, तिच्या मागे छी खर्च होते आणि छीची तूट भरायला चिंग झिजते. साधनेत क्रम उलटा चालतो: चिंग राखून तिचे छी, छीचे शेन, आणि शेन परत रिक्ततेत. एखाद्या विषयात पैसा, झोप आणि मन एकदम गुंतले की महिनाभरात चेहरा उतरतो. ही तूट म्हणजे काय ते कुणालाही वेगळे समजावावे लागत नाही.

दुसरी जोडी 'शिंग' आणि 'मिंग' यांची. शिंग म्हणजे मूळ स्वभाव, मनाचे अंग. मिंग म्हणजे आयुष्य, देहाचे अंग. ताओ साधनेचे वेगळेपण मला इथे सर्वांत जास्त दिसते. नुसते मन शांत केले आणि देह खंगला तर साधना अर्धी. नुसता देह धडधाकट झाला आणि स्वभाव तसाच तापट राहिला तर तीही अर्धी. 'नेइ-तान', म्हणजे आंतरिक रसायन, या शाखेचा मोठा ग्रंथकार चांग पो-त्वान (मृत्यू १०८२) याच्या परंपरेत सुरुवात मिंगकडून होते. वांग छुंग-यांग (१११३ ते ११७०) याने स्थापलेल्या छ्वान-चन पंथात सुरुवात शिंगकडून. दोघांनाही शेवटी दोन्ही हवेच असतात.

अमरत्वाचे काय? ताओ ग्रंथकार को होंगच्या काळात (२८३ ते ३४३) हिंगूळ आणि पारा भट्टीत घालून अमृत बनवायचे प्रयोग खरोखर चालत, आणि पुढे थांग घराण्याचे काही सम्राट अशाच औषधांनी गेले. भट्टी बाहेरून आत आली, देहच भांडे झाला, त्यामागे हा कडवट अनुभवही होता. पंथाची पुढची भूमिका छ्यू छू-चीच्या उत्तरात दिसते. वांग छुंग-यांगचा हा शिष्य सत्तरी ओलांडलेला असताना चंगीझखानाच्या बोलावण्यावरून शानतुंगहून निघाला आणि १२२२ मध्ये हिंदुकुशाच्या परिसरात त्याला भेटला. खानाने विचारले, अमर करणारे कोणते औषध आणलेस? उत्तर मिळाले: आयुष्य राखण्याचा मार्ग आहे, अमर करणारे औषध नाही. जगाचा निम्मा पट्टा टाचेखाली घेणाऱ्या माणसाला तोंडावर असे सांगायला धैर्य लागते. पुढे पेइचिंगचा जो श्वेतमेघ मठ छ्वान-चन पंथाचे मुख्य स्थान झाला, तिथे त्याचे अवशेष आहेत.

तेव्हा 'मिळते काय' याचे थोडक्यात उत्तर: गळती थांबते, मूळचे परत हाताशी येते, आणि माणूस परिस्थितीला कमी जोर लावून जास्त नेमके उत्तर देऊ लागतो. आरोग्य आणि लांब आयुष्य हे वाटेवरचे फळ आहे. त्यापलीकडे ताओशी एकरूप होणे आहे. त्याबद्दल ग्रंथ बोलतात. मी इथे त्याच्या अलीकडच्या, ज्याला हात घालता येतो त्या भागाबद्दल लिहितो.

साधनेचे पाये दोन ग्रंथांतल्या तीन जागांवर उभे आहेत. 'ताओ ते चिंग'च्या १५व्या प्रकरणात गढूळ पाण्याची उपमा आहे: स्थिर ठेवले की ते हळूहळू आपोआप निवळते. पहिल्या पावसात विहिरीचे पाणी लाल होते तेव्हा आपण काय करतो? हंडा भरून कोपऱ्यात ठेवतो. हात घालून गाळ काढायला गेलात तर आणखी गढूळ. विचार हाकलण्याचा खटाटोप हा हंड्यात घातलेला हात आहे. दुसरी जागा च्वांगत्सेच्या चौथ्या प्रकरणातली 'शिन-चाय', म्हणजे मनाचा उपवास: कानाने ऐकू नका, मनाने ऐका, मनानेही ऐकू नका, छीने ऐका, छी रिकामी असते आणि वस्तूंची वाट पाहते, त्या रिकामेपणात ताओ गोळा होतो. तिसरी जागा सहाव्या प्रकरणातली 'त्सो-वांग', बसून विसरणे. तिथला शिष्य आधी करुणा आणि कर्तव्य विसरतो, मग विधी आणि संगीत, आणि शेवटी हातपाय, कान, डोळे, ज्ञान, सगळे गळून पडते. विसरण्याचा क्रम बाहेरून आत आहे हे ध्यानात घ्या.

या तिसऱ्या जागेवर सीमा छंग-चनने (६४७ ते ७३५) पूर्ण पद्धत बांधली, सात पायऱ्यांची: श्रद्धा आणि आदर, गुंते तोडणे, मन गोळा करणे, व्यवहार साधे करणे, खरे निरीक्षण, गाढ स्थैर्य, ताओची प्राप्ती. बहुतेक लोक तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतात आणि दुसरी-चौथी गाळतात. मग तक्रार येते की वीस मिनिटे बसलो आणि अठरा मिनिटे कर्जाचे हप्ते मोजले. त्यात बसण्याचा दोष नाही. ज्याचे दिवसभराचे व्यवहार पन्नास दिशांना ताणलेले आहेत त्याचे मन उशीवर बसल्याने एका दिशेला येणार नाही. 'गुंते तोडणे' म्हणजे नाती तोडणे नव्हे. आपण फक्त दिसण्यासाठी, नाव मिळावे म्हणून किंवा कुणाला खूश ठेवायला जे अंगावर घेतले आहे ते एकेक खाली ठेवणे. महिन्याला एक गोष्ट कमी केली तरी बसण्यात फरक पडतो.

सीमा छंग-चनचा आणखी एक इशारा मोलाचा आहे. मनात जे उठेल ते बरे-वाईट न बघता दाबून टाकत राहिलात तर जाणीवच बोथट होते. त्याला तो 'आंधळे स्थैर्य' म्हणतो. आणि मन सैल सोडले तर साधक आणि सामान्य माणूस यांत फरक काय राहिला? उपाय म्हणून तो पाळीव जनावराचे उदाहरण देतो: बैल-घोडा मोकाट सोडला की रानटी होतो, उलट रानातला ससाणा रोज दोरीला बांधून हाताळला की हातावर येऊन बसतो. म्हणजे दोरी हवी, पण पक्ष्याचा गळा आवळायचा नाही.

आता प्रत्यक्ष बैठक. जमिनीवर चटई किंवा घडी केलेले घोंगडे, त्यावर चार-पाच बोटे उंच, दाबली न जाणारी उशी. उशीच्या पुढच्या निम्म्या भागावरच बसायचे, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली राहतात. साधी मांडी पुरते, पद्मासनाचा हट्ट नको. गुडघे दुखत असतील तर खुर्ची चालते, पण पाठ टेकायची नाही आणि दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकलेले. माथा वरून दोऱ्याने हलकेच उचलल्यासारखा, हनुवटी किंचित आत. योगासने करणारे इथे हमखास चुकतात: ते छाती पुढे काढतात. ताओ बैठकीत छाती मऊ आणि किंचित आत असते, खांदे उतरलेले, पोट सैल. छाती फुगवली की श्वास वरच अडकतो आणि पुढच्या सगळ्या तक्रारी तिथून सुरू होतात.

हात असे: डाव्या हाताचा अंगठा त्याच हाताच्या मधल्या बोटाच्या टोकाला लावून कडी करा. उजवा अंगठा त्या कडीतून आत घालून डाव्या तळव्यावर अनामिकेच्या मुळाशी टेकवा, उजव्या हाताची बाकीची बोटे डाव्या हाताला बाहेरून धरतील. दोन्ही हात बेंबीच्या खाली मांडीवर. हे जमेना तर अंगठा आत घेऊन सैल मूठ मिटा आणि मुठी मांड्यांवर ठेवा. तान्हे बाळ अशीच मूठ मिटते. पाळण्यातल्या बाळाच्या मुठीतून आपले बोट सोडवून बघा: हाडे कोवळी, स्नायू मऊ, तरी पकड सुटत नाही. 'ताओ ते चिंग'च्या ५५व्या प्रकरणात हेच निरीक्षण आहे, आणि हाताला नेमका तेवढाच जोर हवा, ठरवून न लावलेला.

डोळे पूर्ण मिटायचे नाहीत. पापणीखालून उजेडाची एक फट राहू द्या, नजर नाकाच्या शेंड्याच्या दिशेने. याला 'पडदा सोडणे' म्हणतात. पूर्ण मिटले की झोप येते, पूर्ण उघडले की मन बाहेर पळते. जीभ वरच्या टाळूला, दातांच्या मागे, अलगद. थोड्या वेळाने तोंडात पातळ लाळ साठते. ती थुंकायची नाही, तीन घोटांत गिळायची आणि लक्ष त्या घोटाबरोबर पोटापर्यंत जाऊ द्यायचे. पोट भरलेले असताना बसू नका, जेवणानंतर निदान दीड तास जाऊ द्या. कंबरेचा पट्टा, घड्याळ, चष्मा काढून ठेवा. पंखा मानेवर किंवा गुडघ्यांवर थेट नको. उकाडा असेल तर पंखा भिंतीकडे वळवा. स्थिर बसलेल्या अंगाला वारा लवकर बाधतो आणि जुन्या पुस्तकांनीही यावर जोर दिला आहे.

श्वासासाठी सर्वांत सुरक्षित पद्धत म्हणजे श्वास ऐकणे. छन यिंग-निंग (१८८० ते १९६९) चीनच्या ताओ संघाचे अध्यक्ष होते. त्यांनी शिन-चायच्या त्या उताऱ्यावरून ती सोप्या भाषेत मांडली. नाकाने येणारा-जाणारा श्वास ऐकायचा. आवाज येत नाही. आला तर श्वास खरखरीत आहे असे समजायचे. आवाज नसताना 'ऐकायचे' म्हणजे श्वास जलद आहे की संथ, जाड की बारीक, लांब की आखूड, हे फक्त कळू द्यायचे. लांब करायचा नाही, धरायचा नाही, मोजायचा नाही. पहिला टप्पा कानाचा: लक्ष इकडे आणून ठेवणे. दुसरा मनाचा: कानाचा ताण सुटतो, पण 'मी ऐकतो आहे' ही जाणीव असते. तिसऱ्यात ऐकणारा आणि श्वास यांतले अंतर पुसट होते. तिथे 'मनानेही ऐकू नका' या वाक्याचा अर्थ कळतो. ज्यांना रात्री झोप येत नाही त्यांनी पहिल्या टप्प्यापुरते अंथरुणात पडून केले तरी चालते, आणि त्यात झोप लागली तर लागू द्यावी.

इगतपुरीला विपश्यनेचे शिबिर केलेल्यांना हे आनापानासारखे वाटेल. फरक एवढाच की तिथे नाकपुड्यांच्या तोंडाशी, वरच्या ओठाच्या जागेवर लक्ष धारदार करायचे असते. इथे जागा धरायची नसते, ऐकता ऐकता लक्ष आपोआप खाली उतरते. प्राणायाम करणाऱ्यांसाठी जास्त ठळक सूचना: या बैठकीत कुंभक नको, बंध नकोत. दोन्ही पद्धती आपापल्या जागी खऱ्या आहेत, पण एकाच अर्ध्या तासात मिसळल्या की श्वास कोणत्या शिस्तीने चालायचा हेच शरीराला कळत नाही. तसेच 'तान-थ्येन' म्हणजे चक्र नव्हे. चक्रे कण्यातल्या सुषुम्नेवर मांडलेली आहेत. खालचा तान-थ्येन हा बेंबीच्या खाली, पोटाच्या आत असलेला प्रदेश आहे, बिंदू नाही. नावाचा अर्थच 'हिंगुळाचे शेत'. शेतात बी पडते आणि त्याला वेळ लागतो.

वेळ: सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी, सुरुवातीला वीस-वीस मिनिटे. महिन्याभराने चाळीसपर्यंत न्या. शिकवणारे कुणी जवळ नसताना पहिल्या तीन महिन्यांत एका बैठकीला तासाच्या पुढे जाऊ नका. परंपरेत रात्री ११ ते १ ही वेळ उत्तम मानली आहे, कारण त्या वेळी यांग, म्हणजे उष्ण, सक्रिय शक्ती, पुन्हा जन्मते. पण सकाळी साडेसहाची लोकल पकडणाऱ्याने ती वेळ धरली तर तो झोप गमावेल, आणि झोप ही चिंगची पहिली राखण आहे. उठण्यापूर्वीची आवराआवर गाळू नका: तळहात गरम होईपर्यंत चोळून चेहऱ्यावर फिरवा, कंबरेवर दोन्ही बाजूंना ३६ वेळा चोळा, दात ३६ वेळा अलगद एकमेकांवर वाजवा, पाय पसरून थोडा वेळ थांबा, मग उठा. तडक उठून फोन उचलला तर गोळा झालेले त्याच क्षणी सांडते.

बिघडते कुठे? जवळजवळ सगळे बिघाड एकाच जागी सुरू होतात: हेतूचा जोर. मेन्शियसच्या ग्रंथात सुंग राज्यातल्या शेतकऱ्याची गोष्ट आहे. रोपे लवकर वाढावीत म्हणून त्याने एकेक रोप थोडे वर ओढले. घरी येऊन म्हणाला, आज दमलो, पिकाला वाढायला मदत केली. पोरगा शेतावर धावत गेला तर रोपे सुकलेली. ग्रंथ कन्फ्यूशियसच्या परंपरेतला, पण त्यातले 'विसरू नका, मदतही करू नका' हे सूत्र नेइ-तानच्या साधकांनी आपले केले. लक्ष सुटले तर विसरलात. लक्ष जोराने दाबले तर मदत केलीत. आचेची भाषा हीच आहे: सुरुवातीला मन भरकटत असताना थोडी तेज आच, म्हणजे श्वासावर सावध लक्ष, मन स्थिरावले की मंद आच, लक्ष आहे-नाही इतके हलके. पुरणाला चटका लागतो तो बहुधा आच कमी करायला विसरल्याने.

कपाळावर दाब, डोके जड, कानात गुणगुण: लक्ष वर चढले आहे. बहुतेक वेळा भुवयांच्या मध्ये प्रकाश 'बघण्याचा' प्रयत्न केलेला असतो. लगेच डोळे उघडा, लक्ष तळपायांच्या मध्यावर न्या, उठून दहा मिनिटे सावकाश चाला आणि पुढचे काही दिवस बैठकीची वेळ निम्मी करा. पोटात कोरडी, जळजळीत उष्णता: श्वास खाली ढकलला जातो आहे. खरी ऊब मऊ असते, हिवाळ्यातल्या पांघरुणातल्यासारखी. डुलकी: बहुधा रात्रीची झोप पुरी नाही, आधी झोपा. पुरी झोप होऊनही गुंगी येत असेल तर नजर वर करून समोर सरळ बघा. उलट विचार उसळत असतील तर पापण्या आणखी खाली आणा आणि लक्ष पोटाकडे सोडा. अंग झुलणे, थरथरणे, मुंग्या: बाऊ करू नका, कौतुकही करू नका. थांबत नसेल तर त्या दिवशी उठा. दृश्ये दिसली, आवाज आले, कुणी देव भेटला, तरी त्यांच्यामागे जायचे नाही, कुणाला सांगत सुटायचे नाही. ते आदेश देऊ लागले किंवा झोप तीन-चार रात्री उडाली तर साधना पूर्ण बंद आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे. चिनी भाषेत या अवस्थेला 'आग भडकून भूत शिरणे' म्हणतात, आणि चीनच्या २००१च्या मानसरोग-वर्गीकरणात छी-कुंगमुळे, म्हणजे श्वास आणि हालचालींच्या साधनेमुळे, होणाऱ्या विकाराची वेगळी नोंद होती. घरात किंवा स्वतःला पूर्वी तीव्र मानसिक आजार झाला असेल तर लांब बैठका एकट्याने करू नयेतच. छातीत दुखणे, चक्कर येणे याला 'छीची हालचाल' समजून घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

सर्वांत जास्त गैरसमज 'लहान आकाशचक्रा'बद्दल आहे: छी पाठीच्या मध्यरेषेने वर आणि पुढच्या मध्यरेषेने खाली फिरते, ती क्रिया. वाटेत तीन नाके आहेत: माकडहाडाशी, पाठीच्या मधोमध, आणि डोक्याच्या मागच्या उशीच्या हाडाशी. पुस्तके वाचून लोक पहिल्याच आठवड्यात प्रकाशाचा गोळा कण्यातून वर ढकलल्याची कल्पना करू लागतात. कल्पनेचा गोळा कुठेही फिरतो, त्याने काहीच सिद्ध होत नाही. वर डोकेदुखी पदरात. परंपरेचे म्हणणे असे की आधी खालचे शेत भरू द्या, भरले की पाणी आपोआप बांध ओलांडते, हेतूने फक्त बरोबर चालायचे. त्या आधीच्या तयारीला '१०० दिवसांची पायाभरणी' म्हणतात. पुढे १० महिने आतला, प्रतीकाचा गर्भ वाढवणे, ९ वर्षे भिंतीकडे तोंड करून बसणे. हे आकडे पंचांगातले दिवस समजू नका. वयाच्या सोळाव्या वर्षी माणसाकडे जुन्या चिनी वजनात १६ ल्यांग, म्हणजे ३८४ चू सत्त्व पूर्ण असते, असे जुनी पुस्तके म्हणतात. ३८४ ही 'यी चिंग' या प्राचीन शकुनग्रंथातल्या ६४ आकृत्यांच्या रेषांची संख्या. आकडा प्रतीकाचा, मुद्दा खरा: चाळिशीतल्या माणसाची झीज विशीतल्यापेक्षा जास्त, म्हणून त्याची पायाभरणीही लांब.

स्त्रियांसाठी परंपरेत वेगळी वाट आहे. छ्वान-चनच्या पहिल्या सात शिष्यांत सुन पू-अर (१११९ ते ११८२) ही स्त्री होती आणि स्त्री-साधनेच्या शाखा तिला गुरुस्थानी मानतात. त्या वाटेत लक्ष सुरुवातीला पोटाऐवजी छातीच्या मध्यावर ठेवतात, आणि मासिक पाळीच्या दिवसांत खालच्या पोटावर लक्ष धरू नये असा स्पष्ट नियम आहे. त्या दिवसांत नुसते श्वास ऐकणे पुरे. 'लाल ड्रॅगनचा वध', म्हणजे साधनेने पाळी थांबवणे, हा भाग पुस्तकावरून करायचा नाही. गरोदरपणात तर नाहीच.

बैठक म्हणजे सगळी साधना नव्हे, हेही सांगायला हवे. छ्वान-चन मठात संन्यासी शाकाहारी, ब्रह्मचारी असतात, केसांचा बुचडा बांधतात, सकाळ-संध्याकाळ सामुदायिक पाठ करतात. चंग-यी पंथाचे पुरोहित संसारी असतात आणि गावासाठी, मृतांसाठी विधी करतात. त्या विधीलाही ते साधनाच मानतात, कारण देहातल्या देवता जागवल्याशिवाय बाहेरची पूजा पोहोचत नाही अशी त्यांची धारणा. जुन्या काळी दर ६० दिवसांनी येणाऱ्या एका ठरावीक रात्री जागरण करत. देहातले तीन किडे त्या रात्री माणूस झोपला की वर जाऊन त्याच्या पापांचा अहवाल देतात, असे मानत. किड्यांवर विश्वास असो वा नसो, दोन महिन्यांतून एक रात्र स्वतःच्या वागण्याचा जागेपणी हिशेब घेणे मला फार शहाणपणाचे वाटते.

प्रगती कशाने मोजायची? सीमा छंग-चनच्या ग्रंथाला जोडलेल्या एका छोट्या पुरवणीत मनाच्या पाच अवस्था दिल्या आहेत. इतके उपयोगी माप दुसरे सापडत नाही. पहिली: हालचाल जास्त, शांतता कमी. दुसरी: निम्मे-निम्मे. तिसरी: शांतता जास्त, हालचाल कमी. चौथी: काम नसताना मन शांत, काम आले की पुन्हा हलते. पाचवी: काम आले, धक्का बसला, तरी हलत नाही. उशीवर तास-तास स्थिर बसणारी आणि रिक्षावाल्याने सुटे नाहीत म्हटले की उसळणारी माणसे चौथीच्या पुढे गेलेली नाहीत. वांग छुंग-यांगही हेच लिहितो: डोळे मिटून बसणे ही खरी बैठक नव्हे, बारा प्रहर, चालता-बसता-उठता-झोपता मन पर्वतासारखे राहिले तर ती बैठक. चिनी दिवसाचे प्रहर बारा, म्हणजे अख्खा दिवस.

म्हणून पहिल्या १०० दिवसांत वहीत रोज तीनच ओळी लिहा: झोप कशी झाली, दिवसात राग किती वेळा आणि किती वेळ राहिला, बैठकीत श्वास जाड होता की बारीक. ऊब, प्रकाश, थरथर यांची नोंद करू नका. नोंद केली की मन दुसऱ्या दिवशी त्यांची वाट बघते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुढचा आकडा घाला. को होंगच्या ग्रंथात स्वर्गीय सिद्धासाठी १२०० सत्कर्मे सांगितली आहेत, आणि १,१९९ नंतर एक दुष्कर्म झाले तर सगळी जाऊन पुन्हा पहिल्यापासून मोजायची. तो नियम दुष्कर्मासाठी आहे. चुकलेल्या बैठकीला तो लावून स्वतःला एकावर आणू नका. ४१वा दिवस चुकला असेल तर उद्या ४१ लिहा आणि बसा.